सेलिनाच्या वाटचे चाळीस दिवस

गिरजाबाई मेश्रामांना कुणी धार्मिक म्हटलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला दारातूनच वाटेला लावलं असतं. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो; उपास, नवस, अंगारे-धुपारे उंबऱ्याच्या आत येणार नाहीत, हा सासऱ्यांचा कायदा त्यांनी भंडाऱ्याहून लग्न होऊन आल्यापासून पाळला. नवरा नोकरीत असतानाच गेला. त्याच्या जागी त्या भिलाईच्या स्टील प्लांटच्या कँटीनमध्ये लागल्या आणि सत्तावीस वर्षं तिन्ही पाळ्या करून निवृत्त झाल्या. सेक्टर दोनमध्ये आमची दारं समोरासमोर. मी शाळेत गणित शिकवायचे. त्याची ऐट माझ्या बोलण्यात अजून आहे, असं त्या मला तोंडावर सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

सेलिना त्यांची सून. जशपूरकडची, उरांव आदिवासी, कॅथलिक. मुलाने, राजदीपने, विशाखापट्टणमला नोकरीवर असताना तिच्याशी लग्न ठरवलं, तेव्हा गिरजाबाईंनी फोनवर एकच गोष्ट विचारली, "पोरगी हासते का रे?" पोरगी हसत होती. पण लग्नाला दीड वर्ष झालं आणि दिवाळीच्या तोंडावर तिच्या स्कूटीला ट्रकची धडक बसली. डोक्याला मार लागला, उजवं अंग आणि वाचा गेली. राजदीपची नोकरी तिकडेच, म्हणून तिला सासूकडे भिलाईत आणलं. बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, पण समज जशीच्या तशी होती. याहून वाईट काय असतं, मला माहीत नाही.

फेब्रुवारीत एका बुधवारी चर्चचे फादर आले. त्यांनी डबीतली राख बोटावर घेऊन तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाले, "आज से चालीसा लगा है. लेकिन बीमार को छूट है, बेटी. तुम सब खाना." फादर गेले आणि सेलिनाने चहाच्या कपाकडे पाठ फिरवली. संध्याकाळी तोंडच उघडेना. गोळ्या जेवणावरच द्यायच्या होत्या. गिरजाबाईंनी राजदीपला फोन लावला.

"अरे मम्मी, वो हर साल करती है. चहा नाही, मटण नाही, दिवसातून एकदाच जेवण. चालीस दिन का होता है. तू कसंही करून खाऊ घाल तिले."

गिरजाबाई पलंगावर तिच्या उशाशी बसल्या. "तू खा बेटा. तुही ड्यूटी मी करतो. बदली समज मले."

प्लांटमध्ये एकाला येता आलं नाही तर दुसरा त्याची पाळी करतो, आणि रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. सत्तावीस वर्षांत गिरजाबाईंनी कधी सोडली नव्हती. सेलिनाने त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे कॅलेंडर घेऊन आल्या. "मॅडम, चाळीस कवा होते ते मोजून द्या." मी लाल पेनाने एकेक चौकोन मोजत गेले आणि चाळिसाव्यावर गोल केला. रविवार येत होता. मी गोलावर बोट टेकवून अगदी थाटात सांगितलं, "या रविवारी सुटलात."

मग गिरजाबाईंचे हाल सुरू झाले. चहा गेला, मटण गेलं, जेवण संध्याकाळी एकदा. त्यात त्यांनी आपल्या मनाने गुडाखूही सोडली. दातांवर घासायची ती तंबाखू त्यांच्या तोंडात तीस वर्षं रोज होती. पहिल्या आठवड्यात डोकं ठणकायचं आणि राग माझ्यावर निघायचा. "तुमच्या देवाचं एकादशीत भागते मॅडम. हिचा देव लयच कडक आहे." मी विचारलं, "मग हा उपास नाही का?" तर म्हणाल्या, "उपास कायचा? ड्यूटी करून राहिलो." रोज संध्याकाळी जेवायच्या आधी त्या सेलिनाला कॅलेंडर दाखवून एक चौकोन खोडायच्या. ती माझ्या लाल गोलावर बोट ठेवून घशातून आवाज काढायची. आम्हाला वाटायचं, पोरीला घाई झाली आहे.

त्या रविवारी सकाळी आमच्या रस्त्यावरून चर्चची मिरवणूक गेली. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांच्या हातात छिंदाच्या, म्हणजे शिंदीच्या, हिरव्या फांद्या, आणि मोठ्या आवाजात गाणी. चाळिसावा दिवस, वर मिरवणूक! आम्हाला वाटलं, सण आला. पुढचा शुक्रवार कॅलेंडरवर लाल होता, पण सुट्टी कशाची आहे हे बघायची आम्हा मास्तरांना सवय नसते.

गिरजाबाईंनी मटण केलं. ताट घेऊन त्या पलंगाशी गेल्या. "झाली तुही ड्यूटी!" म्हणत पहिला घास त्यांनी स्वतः खाल्ला, तिच्यासमोर. सेलिना ओरडली. शब्द नव्हताच. डावा हात वर करून तिने पाच बोटं दाखवली, मग एक. पुन्हा पाच, पुन्हा एक.

"सहा? सहा बोट्या पायजे माह्या बाईले?" गिरजाबाई हसल्या. मीही हसले. त्यांनी मटणाच्या मोजून सहा बोट्या वाढल्या. सेलिनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिखट लागलं असेल, असं आम्ही ठरवून टाकलं.

शुक्रवारी सकाळी फादर आले, तेव्हा मी तिथेच होते आणि गिरजाबाई मटण परतत होत्या. तो वास घरभर होता. फादर दारात थबकले. आज त्यांच्या प्रभूच्या मरणाचा दिवस, सगळ्यात कडक दिवस. रागावले मात्र नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी समजावलं, की चालीसा उद्या शनिवारी संपतो. मधले सहा रविवार मोजायचे नसतात.

शेहेचाळीस वजा सहा. सहावीतल्या पोराला येणारं गणित.

गिरजाबाईंनी गॅस बंद केला, हात धुतले आणि सेलिनाच्या पायांशी जाऊन बसल्या. "सहा दिवस म्हनत होती तू. अन् मी बोट्या मोजल्या." मग फादरकडे वळल्या. "रिलीव्हर आला नाही अन् मी गेट पार केला, फादर. आता हे सहा दिवस कवा भरून देऊ?"

"भरना नहीं है, माँ. परसों पास्का है, ईस्टर. फिर पचास दिन खुशी के हैं, उपवास नहीं करते. ईश्वर हिसाब नहीं रखता."

"देव नसन ठेवत," गिरजाबाई म्हणाल्या. "ते ठेवते." आणि त्यांनी सुनेकडे बोट केलं.

त्याच संध्याकाळपासून त्यांनी सहा दिवस धरले. मी समजावलं, फोनवर राजदीप ओरडला. काही उपयोग झाला नाही.

रविवारी सकाळी चर्चमधल्या बायका आल्या. त्यांनी सेलिनाचे केस विंचरले, गाणं म्हटलं, केक आणि मटणाचा डबा ठेवून गेल्या. सेलिनाचा चेहरा उजळला होता. तोंड वाकडं होतं तरी ती हसतेय हे कळत होतं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. तिने डाव्या हाताने केकचा तुकडा मोडला आणि सासूच्या तोंडापुढे धरला.

गिरजाबाईंनी मान हलवली. "नाही बेटा. अजून चार दिवस आहे माहे."

सेलिनाने तुकडा आणखी पुढे केला. ओठांना लावला. गिरजाबाईंनी ओठ मिटून घेतले. सेलिना घशातून काहीतरी सांगत राहिली, खिडकीकडे, उशाजवळच्या आपल्या क्रूसाकडे, डब्याकडे बघत. तिचं हसू हळूहळू गेलं. ती काय सांगतेय हे मला लख्ख कळत होतं. मला बोलता येत होतं, म्हणून मी बोलले, "गिरजाबाई, ती म्हणतेय आज सण आहे, संपलं सगळं, खा. एकही दिवस उरलेला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागाचा लवलेशही नव्हता, हेच मला जास्त लागलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "आता तुमी नका मोजू."