मॉस्टिनची हनुवटी आणि ग्लेनिसचा ओटा

ग्लेनिस प्रॉसर माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. एकतीस वर्षं तिने आमच्या खोऱ्यातली शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिने शर्यतीतून बाद झालेला एक ग्रेहाउंड कुत्रा घरी आणला. करड्या रंगाचा, काठीसारख्या पायांचा, सहा वर्षांचा मॉस्टिन. त्याचं सगळं आयुष्य कोंडवाड्यात आणि धावपट्टीवर गेलेलं. जिना कसा चढायचा हे त्याला माहीत नव्हतं आणि काचेच्या दारावर तो दोनदा आपटला. पण स्वयंपाकघरातला ओटा मात्र त्याला पहिल्याच दिवशी कळला. उडी मारायची गरजच नव्हती. नुसती मान वर केली की हनुवटी ओट्यावर टेकायची.

पहिल्या आठवड्यात लोण्याची अख्खी वडी गेली, कागदासकट. त्यानंतरच्या रविवारी भट्टीतून काढून निवत ठेवलेली मटणाची तंगडी गेली. ग्लेनिस पुदिन्याची पानं खुडायला परसात गेली होती, तेवढ्यात.

"नेरिस, पुदिना आहे, मटण नाही. येतेस का जेवायला?" ती कुंपणावरून मला म्हणाली.

मग शहाणपणा शिकवायला मी पुढे सरसावले. रिकाम्या डब्यांची उतरंड ओट्याच्या कडेला रचायची, आत पावाचा तुकडा ठेवायचा, डबे कोसळले की कुत्र्याला जन्माची अद्दल घडते, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. डबे कोसळले. मॉस्टिन जो पळाला, तो दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. स्वतःच्या जेवणाच्या भांड्याकडेही येईना, थरथरत जिन्याखाली बसून राहिला. तिसऱ्या दिवशी ग्लेनिसने डबे उचलले. चौथ्या दिवशी त्याने चीज पळवलं.

"म्हणजे तो ओट्याला नाही, डब्यांना घाबरला," ती म्हणाली.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग चॅपेलच्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चच्या, चहापानासाठी ग्लेनिसने मनुके घातलेले तीन डझन गोड केक तव्यावर भाजले आणि जाळीवर गार करत ठेवले. दाराची घंटा वाजली म्हणून ती गेली. परत आली तेव्हा जाळी जमिनीवर होती आणि केक चार उरले होते. मनुके कुत्र्याला विषासारखे, हे तिला ठाऊक होतं. तिने मॉस्टिनला उचलून गाडीत घातलं. मी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. एवढी वर्षं जपून बस चालवलेल्या बाईने त्या दिवशी एकही वळण हळू घेतलं नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ओकायला लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. वाचला. सोडताना त्या म्हणाल्या, "एकदा ओट्यावर काही मिळालं की तो शंभरदा तिथे बघणार. तुम्ही ओरडलात तर तुमची पाठ वळायची वाट बघेल, एवढंच. ओट्यावर काही ठेवूच नका. आणि त्याला अशी एक जागा द्या, जिथे हमखास मिळतं."

ग्लेनिसने मागच्या दाराजवळ जुनी सतरंजी घातली. ओटा पुसून लख्ख केला, पाव डब्यात, डबा कपाटात. कांदा चिरताना मॉस्टिन सतरंजीवर बसला की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा तिथेच टाकायचा. आधी कांद्याच्या दर चकतीला एक, मग अर्ध्या कांद्याला, मग अख्ख्या कांद्याला. ओट्याकडे आला तर ओरडणं नाही, काही नाही. हातातली सुरी खाली ठेवून ती नुसती थांबायची. तो कंटाळून सतरंजीवर जायचा, की लगेच तुकडा.

तीन आठवड्यांत दुपारी तो शहाण्यासारखा वागू लागला. सकाळी मात्र रोज हनुवटी ओट्यावर. ग्लेनिसला कोडं पडलं. एके दिवशी ती अंघोळीला जाते असं सांगून जिन्यातूनच मागे फिरली.

ओट्यापाशी तिचा नवरा एमलिन उभा राहून टोस्ट खात होता. टोस्टची कड त्याने ओट्याच्या काठावर ठेवली, आणि मॉस्टिनने ती अलगद उचलली.

"एमलिन!"

"अगं, त्याने बघितलं माझ्याकडे."

"बघितलं म्हणून?"

"पस्तीस वर्षं पत्रं वाटली मी. प्रत्येक दारातलं कुत्रं मला चावलं. आयुष्यात पहिल्यांदा एक कुत्रा माझ्याकडे प्रेमाने बघतोय, ग्लेनिस."

"तो टोस्टकडे बघतोय, येड्या."

ती हसली खरी, पण सुटका नव्हती. टोस्ट टेबलाशी बसून खायचा, कड द्यायचीच असेल तर सतरंजीवर. एमलिन कुरकुरला, पण टेबलाशी बसू लागला. पत्रं वाटायला निघताना उभ्याने खायची त्याची जुनी सवय, आणि ग्लेनिसची बस तर त्याच्याही आधी सुटायची. मग एके सकाळी तो मला म्हणाला, "नेरिस, लग्नाला चाळीस वर्षं झाली, आणि ही सकाळी इतकं बोलते हे मला आत्ता कळतंय." तक्रार करत होता, पण चेहरा खुलला होता.

चॅपेलमधल्या सुगीच्या प्रार्थनेनंतरचं चहापान यंदा ग्लेनिसकडे होतं. कुणीतरी भाजलेल्या डुकराच्या मांसाचं ताट सरळ ओट्यावर ठेवलं. मॉस्टिन आत आला. आम्ही सगळ्या बायका हातातले कप धरून जागच्या जागी थिजलो. त्याने नाक वर केलं, लांबलचक श्वास घेतला, सतरंजीवर जाऊन बसला आणि ग्लेनिसकडे पाहिलं. तिने ताटातला सगळ्यात मोठा काप उचलून त्याला दिला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरही एकदा त्याने लोणी पळवलंच. "ओट्यावर मीच विसरले होते," एवढंच ग्लेनिस म्हणाली.

हल्ली कोंबडी उकडायचं आणि तुकडे करायचं काम एमलिनने स्वतःकडे घेतलंय. त्यामुळे मॉस्टिन दिवसभर त्याच्याच मागे मागे असतो. ग्लेनिसच्या मनाला ते थोडं लागतं, पण विचारलं तर मुळीच कबूल करत नाही.