काला मोतिया

"रूपाली, मोतीबिंदूच्या पेशंटला प्रेशर कमी करायचे थेंब कशाला गं?" मी काउंटरवर जाऊन विचारलं.

"मला काय माहीत? सरांना विचार ना."

अंधेरीच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात मी कोडिंग करते. डॉक्टर जो आजार लिहितात त्याला ठरलेला कोड द्यायचा. मोतीबिंदूला एच-२५, काचबिंदूला एच-४०. आपल्या मनाने निदान बदलायचं नाही. शंका आली तर डॉक्टरांचं डोकं खायचं. ते मला झकास जमतं.

घाटकोपरच्या कांबळे मावशींच्या फाइलमध्ये सरांनी डोळ्यातलं प्रेशर लिहिलं होतं, रोजचे थेंब लिहिले होते. आजाराचं नाव मात्र नाही. ती जागा काउंटरवर भरली गेली होती: कॅटरॅक्ट, म्हणजे मोतीबिंदू.

"सर, ह्यांना नक्की काय आहे?"

"ग्लॉकोमा. काचबिंदू."

"तुम्ही लिहिलंच नाहीत."

"थेंब लिहिलेत की. त्यावरून समजतं."

"मला समजून चालत नाही, सर. लिहा."

सरांनी लिहिलं. मी पुन्हा रूपालीकडे.

"मावशी स्वतःच म्हणाल्या यार, काला मोतिया. मोतिया म्हणजे मोतीबिंदूच ना?"

तिथेच वाट लागली होती. हिंदीत काला मोतिया म्हणजे काचबिंदू. आमच्या हिंदी बोलणाऱ्या टेक्निशियनने मावशींना तसं सांगितलं, मावशींनी काउंटरवर तसंच सांगितलं, आणि रूपालीने 'काला' सोडून दिला.

कोड बदलून मी मोकळी झाले असते. पण कॅटरॅक्ट छापलेला कागद मावशींच्या घरी गेला होता. फोन लावला.

"थेंब बंद केले गं," मावशी म्हणाल्या. "मुलाने कागद वाचला. मोतीबिंदू आहे, पिकला की काढू म्हणाला."

काचबिंदूत डोळ्यातल्या प्रेशरने मागची नस खराब होत जाते. गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही.

"मावशी, आजच या. मुलालाही आणा."

दोघं आले. प्रेशर चढलेलं होतं, पण नजर होती तेवढीच निघाली. सरांनी थेंब पुन्हा सुरू केले. मला इतकं बरं वाटलं की रूपालीला शिव्या घालायच्या राहून गेल्या.

आता आजाराचं नाव सर स्वतः लिहितात. लिहिलं नाही तर काउंटर कागद छापत नाही. एवढं साधं काम आधीपासून करायला कोणाची ना नव्हती.

मावशी मात्र त्या दिवशी निघताना मुलाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "डोळा आहे रे माझा. आंबा नाही, पिकायची वाट बघायला."