कानसेनची चौदा दिवसांची सुट्टी

हॅमरखालचं तापलं लोखंड तडकलं, की नुसत्या आवाजावरून तो सांगायचा. म्हणून फोर्जिंग शॉपमध्ये सगळे त्याला कानसेन म्हणत. बावीस वर्षं त्याच हॅमरवर काढल्यावर नाव तेवढं उरलं. घरी चारजण एकदम बोलायला लागले की त्याला नुसता कालवा ऐकू यायचा. बायको म्हणायची, "सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं तुम्हाला!" नात मात्र शहाणी. पाच वर्षांची ती पोर मांडीवर चढून त्याच्या कानाला तोंड लावायची आणि गुपितं सांगायची: मांजरीला पिल्लं होणारेत, आई बाबांवर रुसलीये. ते त्याला स्पष्ट ऐकू यायचं. तेवढं टिकावं म्हणून त्याला हॅमरवरून उतरायचं होतं, बाकी काही नको होतं.

नियम सोपा होता. कानाच्या तपासणीत नापास झालेल्याला यार्डात झाडलोटीचं काम. पण नापास कुणी होतच नसे. तपासणी वर्षातून एकदा, कारखाना चौदा दिवस बंद राहून उघडला की पहिल्या सकाळी. कानसेन हेडफोन लावून बसायचा, बारीक शिट्ट्या ऐकून बटण दाबायचा आणि पास व्हायचा. ऐकू येऊनही बटण न दाबणाऱ्या दोघांना मशीनने पकडलं आणि मॅनेजरने घरी बसवलं.

एका वर्षी तपासणीला नवी बाई आली, बोलकी.

"सुट्टीत कान सावरतो, काका," ती म्हणाली. "मोठ्या आवाजाने आतल्या पेशी मरतात, नसांची टोकं तुटतात. मग रक्तातल्या राखणदार पेशी तिथे धावतात. मेलेलं उचलतात, तुटलेलं जुळायला हातभार लावतात. सगळं नाही सावरत, पण इथे पास होण्यापुरतं सावरतं."

कानसेनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मॅनेजर पोचलेला माणूस. कामगाराच्या रक्तालासुद्धा सुट्टीत कामाला जुंपत होता, फुकटात.

पुढच्या वर्षी बंद सुरू झाला तसा कानसेन मेहुण्याच्या पत्र्याच्या वर्कशॉपवर हजर झाला. "घरी बसून काय करू? येतो मदतीला." तेरा दिवस त्याने लोखंडी पिंपं ठोकली. कानात बोळे नाहीत, वर डोकं पिंपाच्या तोंडात.

"भाऊजी, डोकं फिरलंय का तुमचं?" मेहुणा ओरडायचा.

कानात शिट्टी वाजायला लागली की कानसेनला बरं वाटायचं. येऊ देत त्या पेशी, बघतो तपासणीआधी कशा जुळवतात; यार्डात गेलो की मग जुळवा म्हणावं निवांत, असं म्हणून तो पुढचं पिंप ओढायचा.

तपासणीत तो सपशेल नापास झाला. मॅनेजरने तोंड वाकडं करून यार्डाच्या कागदावर सही केली. कानसेन घरी जवळजवळ पळतच गेला.

नात मांडीवर चढली आणि तिने कानाला तोंड लावलं. त्याला नुसता गरम वारा लागला. त्याने घाईने दुसरा कान पुढे केला. तिथेही वाराच.

"सावरेल," तो बायकोला म्हणाला. त्याने चौदा दिवस मोजले, मग आणखी चौदा. यार्ड खूप शांत होतं, झाडूचाही आवाज येत नव्हता. शेवटी तो त्या बाईकडे गेला. तिने पुन्हा तपासलं आणि कागदावर लिहून दिलं, "पेशी येऊन गेल्या, काका. मेलेलं सगळं उचलून नेलं. जुळवायला मागे काही उरलं नाही."

हे नातीला कोण सांगणार? ती मांडीवर चढतच राहिली आणि तोही तिचं बोलून झालं की हसून मान डोलवायचा. तिचं समाधान व्हायचं, त्याचंही भागायचं. परवा ती बराच वेळ बोलली. तो नेहमीसारखा छान हसला. पोरीने त्याच्याकडे पाहिलं, ओठ काढले आणि मांडीवरून उतरून आजीकडे पळाली.

बायको थोड्या वेळाने वही घेऊन आली. तिने लिहिलं होतं, "मांजरीचं पिल्लू मेलं, पुरायला चला, असं सांगत होती. तुम्ही हसलात."

तेव्हापासून गुपितं आजीच्या कानात जातात.