दाराने खाल्लेली बोटं

आमच्या पाचूबंदरात माणसाला एकदा नाव पडलं की ते त्याच्याबरोबर मातीतच जातं. रुडॉल्फला 'दारवाला' हे नाव पडलं, आणि पाडणारा दुसरातिसरा कोणी नाही, त्याचा सख्खा बाप. फ्रेडरिककाकांची जीभच तशी. आमची दोन्ही घरं एकमेकांना लागून, त्यामुळे तिचा प्रसाद मलाही लहानपणापासून मिळत आला आहे.

रुडॉल्फ नव्वद सालाच्या आसपास जहाजावर लागला. आधी मालवाहू बोटी, मग युरोपातल्या एका गडगंज माणसाची शिडाची यॉट. यॉट म्हणजे काय ते मला त्याने आणलेल्या फोटोंवरून कळलं. आमच्या चर्चच्या मनोऱ्याहून उंच डोलकाठी, वर सागवानी डेक, खाली झुंबरं आणि संगमरवरी न्हाणीघरं. आणि हे सगळं घासायला-पुसायला आमचा रुडॉल्फ. दर उन्हाळ्यात अशा बोटींची शर्यत लागायची. तेव्हा वजन कमी व्हावं म्हणून सोफे, गालिचे, जड भांडी सगळं उचलून धक्क्यावर ठेवायचं. "लग्नघरच रं," तो सांगायचा, "फक्त लग्न कुनाचं ते कलत नाय."

त्या बोटीवर पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच धडा देतात. शिडाचा दोर निसटून धावायला लागला, तर हात वर करायचे आणि बाजूला व्हायचं. त्या दोराला टनावारी ओढ असते. शीड फाटलं तर नवीन येतं. रुडॉल्फला हे तोंडपाठ होतं. नवी माणसं आली की तोच त्यांना शिकवायचा.

पण त्याच्या हाताला त्याआधीच दुसरी शिकवण मिळाली होती. लहानपणी बापाच्या होडीवर असताना एकदा जाळ्याचा दोर त्याच्या हातून सुटला आणि जाळं समुद्राने नेलं. काकांनी त्याला धक्क्यावर सगळ्यांदेखत बडवला. "हात जलला तरी दोर सोडायचा नाय!" त्या दिवसानंतर रुडॉल्फच्या हातून दोर कधी सुटला नाही.

नव्व्याण्णवच्या शर्यतीत वारा चढला आणि जाड लोखंडी रहाटावरून शिडाचा दोर निसटला. शेजारचे दोघे हात वर करून मागे सरले. रुडॉल्फने तो धरला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालक तसा भला, त्याने शर्यत सोडून बोट बंदरात आणली. दवाखान्यात कप्तानाने विचारलं, "तुला माहीत होतं, मग का धरलास?" रुडॉल्फने पट्टी बांधलेला हात चादरीखाली सरकवला.

घरी येऊन त्याने बापाला सांगितलं, इंजिनाच्या खोलीचं दार हातावर आपटलं. खरं काय ते त्याची बायको इनेझ आणि मी, दोघांनाच ठाऊक. "बाबांना कलता कामा नाय," तो मला म्हणाला. "त्यांच्या शिकवनीनं बोटं गेली असं त्यांना वाटलं, तर ते जगायचे नाय."

बाप मात्र मोकाट सुटला. "सात समुद्र पालथे घातले नि दारात बोटं घातली!" बाजारात, बंदरावर, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर, काकांचं हे एकच पालुपद. लोक हसायचे. रुडॉल्फही हसायचा. जाळं ओढता येईना म्हणून तो बर्फाच्या कारखान्यात पाळीवर लागला होता. तिथेही लोक दार उघडून धरायचे, "या दारवाले!" मला अस्सा संताप यायचा! वाटायचं, जाऊन म्हाताऱ्याच्या कानात ओरडावं. इनेझने मला अडवलं. ती म्हणाली, "ह्यांनी एवढं सोसलंय ते फुकट घालवू नका."

पाच वर्षांनी रुडॉल्फच्या धाकट्या भावाला, युजीनला, त्याच बोटीवरून बोलावणं आलं. शर्यतीआधी हजर व्हायचं होतं. त्यांच्या घरची रीत अशी की निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रार्थना होते, जाणारा गुडघे टेकतो, आणि घरातला वडील त्याच्या डोक्यावर हात ठेवून एक शब्द देतो. तो शब्द मोडायचा नसतो.

काकांनी युजीनच्या डोक्यावर हात ठेवला. "याच्यासारखी दारात बोटं घालू नको. नि गोरे काय बोलतील ते बोलू दे, हातातला दोर सोडायचा नाय. हात जलला तरी."

"हो, बाबा," युजीन म्हणाला.

इनेझने डोळे मिटून घेतले. मी रुडॉल्फकडे बघायचं टाळलं. एकीकडे म्हातारा आणि दुसरीकडे धाकट्या भावाचा हात. यातलं एक आज जाणार हे मला दिसत होतं.

"सोडायचा," रुडॉल्फ म्हणाला. "युजीन, दोर धावला की सोडायचा."

"तू गप. दारवाला मला शिकवतो!"

"दार नव्हतं, बाबा." त्याने उजवा हात पुढे केला. "दोर होता. बाकीचे मागं सरले. मी धरला."

"का धरलास?" असं काकांनी विचारलं नाही. ते त्या हाताकडे बघत राहिले. मग युजीनच्या डोक्यावरचा आपला हात काढून घेतला आणि म्हणाले, "म्हंजे पाच वर्सं मी..."

युजीन गेला. दरवर्षी धड हातापायांनी घरी येतो, त्याचं छान चाललंय. फ्रेडरिककाका त्या संध्याकाळनंतर बंदरावर फारसे गेले नाहीत. होडी दुसऱ्याच्या हाती दिली. जीभ तर गेलीच म्हणा. मला ती इतकी बोचायची, पण आता भिंतीपलीकडून आवाज येत नाही तर करमत नाही. "बाबा हसत व्हते तेच बरं व्हतं रं," रुडॉल्फ एकदा मला म्हणाला. "आता माझ्याकडं बघतच नाय."

परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. इनेझने बोईट वाढली. काकांनी रुडॉल्फचं ताट आपल्यापुढे ओढलं आणि मासळीचे काटे काढायला बसले. एकेक काटा. रुडॉल्फला डाव्या हाताने काटे काढता येतात, केव्हाच शिकलाय तो. पण हात मांडीवर ठेवून, ताट परत येईपर्यंत तसाच बसून राहिला.