कामथडीच्या नाक्यावर न दिलेलं उत्तर

नोकरीत किती नाकाबंद्या केल्या याची गणती नाही, पण कामथडीजवळची ती एक सकाळ मनातून जात नाही.

माझ्या नोकरीची ती अखेरची वर्षं. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका गावातून ग्रामदेवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. गुन्हा दाखल झाला, श्वानपथक येऊन गेलं, संशयितांची चौकशी झाली. हाती काही लागलं नाही. मी देवळात जायचो तेव्हा बायका उघड्या पाषाणापुढे नुसत्या उभ्या असायच्या. एक म्हातारी मला म्हणाली, "तोंड दिसंना झालंय, साहेब. बोलू कुणाशी?" तपास अधिकारी म्हणून त्या प्रश्नाचं ओझं मी वागवत होतो.

एका सकाळी हजेरी चालू असताना ठाण्यातला फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस बोलला, "पांढरी पिकअप खाली येतीय. बाई चालवतीय. मागं पत्र्याची ट्रंक हाय. मुखवटा त्यातच हाय." फोन बंद.

वेल्ह्याचा रस्ता जिथे हायवेला मिळतो तिथून जवळच, कामथडीच्या बाजूला आम्ही बॅरिकेड लावले. माझ्यासोबत एक तरुण पोलीस शिपाई आणि एक महिला हवालदार होती. थोड्या वेळात पांढरी पिकअप आली. चालवणारी बाई पंचेचाळिशीची, डोक्यावर पदर, हात स्टिअरिंगवर घट्ट. स्वतःच्या शेतातली भाजी मार्केटला पोचवणारी ही बाई होती, हे नंतर कळलं. तिच्या मागेच खोऱ्यातली एसटी येऊन थांबली आणि खिडक्यांतून माणसं डोकावू लागली.

लायसन, गाडीचे कागद, सगळं तिने न मागता काढून दिलं. शिपायाने विचारलं, "कुठं निघालात?"

ती गप्प.

"ट्रंकंत काय आहे? कुणाकडं चाललात?"

"कागद दावले की," ती खालच्या आवाजात म्हणाली. "बाकीचं म्या हितं सांगणार न्हाई."

शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, लपवतीय. ठाण्यात न्यायची का?"

त्याचं म्हणणं चुकीचं वाटावं असं काही नव्हतं. मलाही मुखवटा हवा होता, फार हवा होता. पण गणवेशातल्या अधिकाऱ्याने मागितल्यावर लायसन आणि कागद दाखवणं हे वाहनचालकाचं कर्तव्य आहे. स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर द्यायला त्याला कोणी भाग पाडू शकत नाही. ही हमी संविधानाने दिली आहे, आणि ती न्यायालयाच्या दारातच सुरू होते असं नाही. रस्त्यावर गाडीची काच खाली केलेल्या माणसालाही ती लागू आहे. गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे. नुसत्या गप्प बसण्यावरून मी कोणाला ताब्यात घेऊ शकत नव्हतो.

खबर मात्र नेमकी होती, म्हणून झडतीची कारणं मी लेखी नोंदवली. जवळच्या हॉटेलातून दोन पंच बोलावले. गाडी एसटीपासून दूर, झाडाआड घ्यायला लावली. ट्रंक महिला हवालदाराने उघडली. आत दुपटी होती, जुन्या लुगड्याची मऊ गोधडी, टोपरी, अळिवाची पुडी, डिंकाचे लाडू. तळाशी फडक्यात बांधलेले, वापरून झिजलेले चांदीचे वाळे.

"साहेब, चांदी," शिपाई हळूच म्हणाला.

मी वाळे हातात घेतले. लहान मुलाच्या पायातलेच ते. मुखवटा वितळवून कोणी अशी झीज आणू शकत नाही. ते मी परत फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवले आणि तिला म्हणालो, "ताई, तुमच्या गाडीत आम्हाला काही मिळालं नाही. तुम्ही जाऊ शकता. आणि मी काही विचारलं तरी उत्तर द्यायची तुमच्यावर सक्ती नाही."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे वर पाहिलं. मग हवालदाराला म्हणाली, "बाई, तुमी इकडं या जरा."

दोघी गाडीच्या पलीकडे बराच वेळ बोलल्या. हवालदाराने मला नंतर सांगितलं, बाईच्या पोरीने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून घरच्यांनी तिचं नाव टाकलं होतं. पोर शिवऱ्यात राहत होती. खोऱ्यातून गाडीने जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढं अंतर, आणि चार वर्षं तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ती बाळंत झाल्याचं कुणाकडून तरी कानावर आलं. वाळे पोरीच्याच लहानपणीचे. एसटीतल्या लोकांसमोर शिवऱ्याचं नाव घेतलं असतं, तर सांजेच्या आत बाईच्या नवऱ्याला कळलं असतं.

निघताना ती स्वतःच थांबली. "साहेब, माझ्या गाडीत ट्रंक हाय हे तुमाला कुणी सांगितलं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"एकट्या शेजाऱ्यालाच ठाव व्हतं. ट्रंक चढवाया त्यानंच हात दिला. पाब्याच्या घाटानं पुण्याला जायचंय म्हणत व्हता."

सगळा तपास तिथे फिरला. फोन त्याचाच असणार; आम्ही सगळे इथे असताना त्याला घाट मोकळा होता. वायरलेसवरून निरोप गेला आणि घाट उतरताना शेजारी मोटरसायकलवर सापडला. तांदळाच्या पोत्यात मुखवटा होता.

ठाण्यात त्याला अटकेची कारणं सांगितली, वकिलाला भेटायचं का विचारलं. मी प्रश्न विचारले, तो भिंतीकडे बघत राहिला. बाईला जो हक्क होता तोच त्यालाही होता. शिपाई चुळबुळत होता, मी त्याला म्हणालो, "त्याला बोलायचं नसेल तर राहू दे. पंचनामा नीट लिही." खटला उभा राहिला तो त्या पंचनाम्यावर आणि बाईच्या जबाबावर.

स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही असा नियम, म्हणून आम्हीच तिच्या घरी जायला हवं होतं, पण ती म्हणाली, घरी नको, मीच येते. आपल्या गाडीने आली, हवालदारासमोर सगळं सांगितलं, सही केली. जाताना दारात घुटमळली.

"पोरीनं दार उघडलं, साहेब," ती म्हणाली, आणि पदर सावरून निघून गेली.

पुढे काय झालं? पोर बोलली का? बाळ मांडीवर दिलं का? ओठांवर आलेले प्रश्न मी गिळले. त्यांचा गुन्ह्याशी संबंध नव्हता आणि ते विचारायचा मला अधिकार नव्हता. नोकरीने मला प्रश्न विचारायला शिकवलं. कुठे थांबायचं ते मी या प्रकरणात पुरतं शिकलो. माणसाच्या गप्प राहण्यामागे चोरीच असते असं नाही. पुष्कळदा तिथे त्याचं सगळ्यात जिव्हाळ्याचं माणूस असतं.

मुखवटा देवीवर पुन्हा चढला त्या दिवशी मी गावात होतो. बायकांच्या गर्दीत ती पिकअपवाली बाई मला दिसली नाही.

ही हकिकत मी घरी सांगितली तेव्हा आमच्या हिने क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाली, "अहो, दार उघडलं म्हणजे गळ्यातच पडली असणार पोर." मी म्हणायचो, तसं सांगता येत नाही, पुरावा काय? त्यावर आमचे कित्येकदा लटके वाद झाले. ही जाऊन आता दोन वर्षं होतील. भोरच्या घरात संध्याकाळी एकटा बसलो की ती बाई आठवते आणि वाद घालायला समोर कोणी नसतं. मग हिचंच म्हणणं मी मनाशी म्हणतो, पुरावा न मागता.