घास चावायला शिकलो तेव्हा

अठरा वर्षं मी सुरतेत कापड विणायचे लूम चालवले, पण जेवायला शिकलो ते पोटाचं ऑपरेशन झाल्यावर. हसू नका. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे आठ मशीन, आणि धागा कधी तुटेल याचा नेम नाही. डबा उघडायचा, उभ्यानं घास कोंबायचे, वरून पाणी ओतायचं. पाच मिनिटांत खेळ खलास. दात आपले नुसते दाखवायला.

टायफॉइडनं आतडं फुटलं, तेव्हा डॉक्टरांनी लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावली. म्हणाले, "ही कायमची नाही. वजन पन्नास किलोवर आणा, आतडं परत जोडून देतो." मी बेचाळीस भरत होतो. मला ती पिशवी एक दिवससुद्धा जास्त नको होती.

त्यांनी बजावलं होतं, सध्या शेंगदाणे, बिया, साली बंद आणि घास बारीक चावून खायचा. पहिलं ऐकलं, दुसरं सोडून दिलं. महिनाभरानं सुरतेतल्याच नवागामला मेव्हण्याकडे भरीत होतं. खानदेशी माणसापुढं भरीत ठेवून कुणी त्याला गप्प बसवून दाखवावं. मोठा शहाणा मी, दाणे वेचून बाजूला काढले आणि बाकीचं कारखान्याच्या वेगानं गिळलं. संध्याकाळी पिशवी कोरडी, पोट टम्म, आणि कळा अशा की भिंत धरून उभा. दोन दिवस दवाखान्यात सलाईनवर काढले. शेवटी बाहेर पडला तो भरितातला खोबऱ्याचा अख्खा काप. वजन चाळीसवर आलं. मी घाबरलो, खरंच घाबरलो.

मग बायकोनं सूत्रं हातात घेतली. मऊ भात, गाळलेलं मुगाचं वरण, साल काढून उकडलेला बटाटा, दही, केळं, अंडं. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. पाणी अंगात टिकावं म्हणून डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी सांगितलं होतं, तेही ती मोजून पाजायची. आणि समोर बसून माझ्या जबड्यावर नजर. घाई केली की अहिराणीत सुनवायची, "हळू खा, कोनी हिसकाई नही लई ऱ्हायनं." आधी राग यायचा. नंतर भाताला चव असते हे कळलं. चाळीशी उलटल्यावर कळलं, पण कळलं.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी जड उचलू नका, बाकी कामाला हरकत नाही म्हटल्यावर कारखान्यात गेलो. वजन अठ्ठेचाळीस. जेवायच्या वेळी मी आठही मशीन बंद केल्या, डबा घेऊन खाली बसलो आणि चावायला लागलो. अख्ख्या शेडमध्ये माझीच रांग गप्प. शेठ आले. "केम, मशीन बंध?"

मी बोट वर करून त्यांना थांबवलं. घास चावून गिळला, मगच बोललो, "जेवतोय, शेठ. अर्धा तास लागेल. रोज लागेल."

"पहेलां तो ऊभा ऊभा खातो हतो."

"तसंच खाऊन वजन घटलं, म्हणून ही पिशवी अजून निघाली नाही," म्हटलं आणि दुसरा घास घेतला.

त्यांनी तिथल्या तिथं माझ्या चार मशीन शेजारच्याला दिल्या, म्हणजे मजुरीही निम्मी. मी मान डोलावली, पण उठलो नाही. डब्यात अजून भात होता आणि मला दोन किलो हवे होते.