शेवटचं पान आधी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शनिवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात उभा राहून एका अत्यंत सुमार कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचत होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील. नायिका विमानतळाकडे धावत होती, नायक भलत्याच रांगेत उभा होता आणि ती वाटेत आजारी तर पडत नाही ना, एवढंच मला पाहायचं होतं. तेवढ्यात पुतणीचा, मीनलचा फोन आला. "काका, आई गेली... आत्ताच. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. मग ती कादंबरी आणि आधी निवडून ठेवलेली एक रहस्यकथा, अशी दोन्ही पुस्तकं मी वहिनीच्या नावावर नोंदवून घेतली, पिशवीत टाकली आणि रिक्षानं कर्वेनगरला तिच्या घरी गेलो. वाचनालयाचे चालक दामले कुणाला फारसं काही विचारत नाहीत. त्यांनी शिक्का मारला आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं.

सुनंदावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी आठवीत होतो, अर्ध्या चड्डीत होतो, आणि तिनं पहिल्या दिवसापासून मला 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली. मी मात्र तिला सरळ 'वहिनी, तू' म्हणालो ते शेवटपर्यंत. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला लोकांची बोलणी लावून बसायचं, पण ऐकायचं नाही, असं ते काम. तिला वाचनाचं वेड तिथंच लागलं असावं, कारण पुस्तकातली बोलणी ऐकायला कुणाची मनाई नव्हती. पर्समध्ये कायम एक कादंबरी असे. प्रेमकथा नाहीतर रहस्यकथा, तिसरा प्रकार तिला मान्य नव्हता. आठवड्याला दोन याप्रमाणे तिनं आयुष्यात किती वाचल्या असतील याचा हिशेब मी करत नाही.

मी पुढे कॉलेजात मराठी शिकवायला लागलो आणि साहजिकच शहाणा झालो. तिच्या पुस्तकांची चेष्टा करणं हा माझा रविवारचा उद्योग होता. मुखपृष्ठावर एक पिस्तूल, एक लाल ओठ, मागे समुद्र. "वहिनी, यात समुद्र कशाला गं?" असं मी विचारायचो. ती म्हणायची, "प्रेत कुठं टाकतील मग?" एकदा मी तिला मला आवडणारी एक गंभीर कादंबरी वाचायला दिली. तिनं ती आठ दिवसांत प्रामाणिकपणे वाचली आणि परत देताना म्हणाली, "छान आहे हो. माणूस खिडकीतून बाहेर बघतो. मग आत बघतो. तुमच्याकडे असंच असतं का सगळं?" त्यानंतर मला माझे विद्यार्थी बरे वाटायला लागले.

तिच्या दोन सवयी मात्र मला खरोखरच सहन होत नसत. पहिली म्हणजे ती शेवटचं पान आधी वाचायची. रहस्यकथेचंही! खुनी कोण ते पाहून घ्यायची, मान डोलवायची आणि मग पहिल्या पानापासून निवांत सुरुवात करायची. मी चिडायचो. ती म्हणायची, "शेवट कळला की घाई राहत नाही, भाऊजी. मग माणसं नीट बघता येतात." दुसरी सवय पुस्तकात लिहायची. वाचनालयात असली पुस्तकं खंडीभर, नावं सगळी सारखी, त्यामुळे आपण हे वाचलंय की नाही हे कळावं म्हणून नेहमीचे वाचक कुठल्यातरी ठरलेल्या पानावर आपली बारीक खूण करून ठेवतात. कुणी फुली, कुणी अर्धचंद्र. वहिनीचा ठिपका पान एकतीसवर असे, कारण एक्स्चेंजमध्ये तिच्या बोर्डाचा नंबर एकतीस होता. पण ती ठिपक्यावर थांबायची नाही. शेवटच्या पानाखाली ती पेन्सिलीनं आपलं मत देऊन टाकायची. 'नायक बिनडोक, पण आईशी बरा वागतो.' 'खुनी चाळिसाव्या पानावर कळतो, पुढचे प्रवासात वाचावे.' 'नायिकेने नोकरी सोडायला नको होती.' भिंतीवर 'पुस्तकात लिहिणाऱ्यांनी स्वतःचे पुस्तक लिहावे' अशी पाटी लावणारे दामले हे सगळं जाणून होते आणि गप्प होते, कारण बरेचसे वाचक पुस्तक नेण्याआधी खाली एकतीसवालीनं काय लिहिलंय ते बघून मगच नेत.

भाऊ गेल्यावर आणि तिचे गुडघे दुखायला लागल्यावर पुस्तकं बदलून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचनालयापासून चार पावलांवर राहतो, निवृत्त आहे, आणि नाही म्हणायला मला जमत नाही. दर गुरुवारी मी जुनी दोन न्यायची, नवी दोन आणायची, तिच्याकडे चहा प्यायचा आणि आदल्या आठवड्यातल्या खुनांची चर्चा ऐकायची. असं सहा-सात वर्षं चाललं. मग मागच्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला आणि मीनलला बाहेरच्या खोलीत बसवून सांगितलं की आता फार तर पाच-सहा महिने. या वयात मोठे उपचार करण्यात अर्थ नाही, त्यांना त्रास होणार नाही एवढं बघू. मीनल आयटीत आहे, एरवी ती वीस माणसांना कामाला लावते. त्या दिवशी लिफ्टमध्ये तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "काका, प्लीज, आईला काही सांगायचं नाही. ती टेन्शन घेईल. आतड्याला सूज आहे, एवढंच सांगू. प्रॉमिस करा." मी केलं.

चोपन्न वर्षांत मी वहिनीशी खोटं बोललो नव्हतो. माझी पहिली सिगारेट, माझं मोडलेलं लग्न, सगळं आधी तिला कळलेलं. आणि आता दर गुरुवारी मी तिच्यासमोर बसून सांगत होतो की रक्त थोडं कमी आहे, सूज उतरायला वेळ लागतो, दिवाळीपर्यंत चालायला लागशील. ती "हो का" म्हणायची. एवढं करून मी थांबलो असतो तर ठीक होतं, पण मला वाटलं की नुसतं तोंडानं खोटं बोलून भागणार नाही. समजा, एखाद्या कादंबरीत कुणाला तसलाच आजार निघाला तर? म्हणून मी ठरवलं की तिच्या हातात जाणारं प्रत्येक पुस्तक आधी आपण वाचायचं. खून चालेल, अपघात चालेल, विषप्रयोग तर उत्तमच. आजार नको.

तर अशा रीतीनं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मी प्रेमकथा आणि रहस्यकथा वाचायला लागलो. त्यांच्याविषयी माझी मतं सांगायला हरकत नाही. प्रेमकथेत नायक नेहमी आर्किटेक्ट असतो आणि त्यानं बांधलेली एकही इमारत आपल्याला दाखवत नाहीत. चहा उतू जातो, कारण दारात तो उभा असतो. गॅस कोण पुसतं ते कळत नाही. रहस्यकथेतल्या इन्स्पेक्टरला कधीच कागद भरावे लागत नाहीत आणि जो सगळ्यांशी नम्रपणे बोलतो तो खुनी असतो. पुण्यात ही युक्ती चालणार नाही, इथं असा माणूस पहिल्याच पानावर पकडला जाईल. सुरुवातीला मी कपाळाला आठ्या घालून वाचत होतो. तिसऱ्या आठवड्यात कर्वेनगरला जाताना बसमध्ये एक बंद खोलीतला खून उलगडत होता आणि माझा स्टॉप मागे गेला. दोन स्टॉप उलटा चालत आलो, तेव्हा वाटेत मला कबूल करावं लागलं की मजा येते आहे. माणसं एकमेकांना भेटावीत, खोटं उघडं पडावं, दार उघडल्यावर योग्य तोच माणूस समोर असावा, एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी पानं उलटत होतो. घरी येऊन मी हे कुणाला सांगितलं नाही.

एक निळ्या कव्हरचं पुस्तक तेव्हा वाचनालयात सगळ्यांच्या तोंडी होतं. वहिनीनंही मागितलं. मी ते तिथंच उभ्या उभ्या चाळलं, आणि नीट वाचायचा धीर झाला नाही. त्यात नायिकेला नेमका तसलाच आजार, घरचे तिच्यापासून लपवतात, आणि शेवटी ती जाते. मी इकडेतिकडे पाहिलं आणि ते पुस्तक जुन्या दिवाळी अंकांच्या रांगेमागे सारून दिलं. तीस वर्षं विद्यार्थ्यांना पुस्तकं जपायला शिकवणाऱ्या माणसानं! पुढच्या गुरुवारी तिनं विचारलं, "निळं पुस्तक?" मी म्हणालो, "बाहेर गेलंय." त्याच्या पुढच्या गुरुवारी, "अजून बाहेरच?" "लोक हळू वाचतात, वहिनी." "हं," ती म्हणाली. मग तिनं विचारायचं सोडलं, आणि मी सुटलो असं मला वाटलं.

एक दिवस मात्र तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हटलं, "भाऊजी, अलीकडे सगळे लेखक तब्येतीला जपायला लागलेत वाटतं. सात पुस्तकं झाली. अकरा खून पडले. पण कुणाला साधा ताप म्हणून आला नाही." मी काहीतरी बोललो, नव्या लेखकांची शैली वगैरे. ती म्हणाली, "असेल." आणि तिनं मला दुसरा लाडू दिला.

शेवटचे दोन महिने ती अंथरुणाला होती, पण गुरुवार चुकला नाही. डोळे थकले तेव्हा मी मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो. शेवटचं पान आधी, तिच्या नियमानं. प्रेमाच्या प्रसंगी माझा आवाज चिरका व्हायचा आणि ती पोट धरून हसायची, दुखत असतानाही हसायची... आणि मला प्रत्येक वेळी आतून टोचायचं की ही बाई बरी होणार या समजुतीत हसते आहे, आणि तो समज मी दिलेला आहे. ती गेल्यावर लोक म्हणाले, झोपेत गेली, भाग्याची. मी मान हलवत होतो. माझ्या मनात एकच होतं, की तिला कुणी विचारलंच नाही. काही सांगायचं असेल, कुणाला भेटायचं असेल, काही आवरायचं असेल, ती संधी मी तिच्याकडून काढून घेतली. त्या दोन पुस्तकांची पिशवी माझ्या दाराच्या खुंटीवर महिनाभर तशीच लटकत होती.

महिन्यानं मी ती परत करायला गेलो. दामल्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "ही दोन आली. ते निळं राहिलंय तुमच्या वहिनींकडे."

"निळं? ते मी दिलंच नव्हतं."

"मी दिलं. त्यांचा फोन आला होता, गणपतीच्या आधी. शोधायला लावलं मला, तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. दिवाळी अंकांच्या मागे सापडलं, कुणीतरी गाढवानं कोंबलं होतं. स्वतः नेऊन दिलं मी. चाळीस वर्षांच्या वाचक आहेत... होत्या."

गणपतीच्या आधी, म्हणजे ती जायच्या तीन महिने आधी. मी तिथून थेट कर्वेनगरला गेलो. मीनल आईचं कपाट आवरायला आलेली होती. आम्ही दोघांनी घर पालथं घातलं. पुस्तक सापडलं शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या डब्याखाली, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेलं. मी ते तिच्यापासून लपवलं होतं, आणि तिनं ते माझ्यापासून. मी आधी पान एकतीस उघडलं. ठिपका होता. मग शेवटचं पान. अक्षर थोडं हललेलं, पण तिचंच.

'शेवट आधी वाचला. ती जाते. घरचे लपवतात, हिला पहिल्यापासून ठाऊक असते, पण त्यांना बरे वाटते म्हणून ही बोलत नाही. पटले. कथेत दीर नाही, तेवढी उणीव.'

मीनलनं ते मशीनच्या स्टुलावर बसून दोनदा वाचलं. तिच्याही मनावरचा दगड माझ्याएवढाच होता, हे मला तेव्हा कळलं. "काका, म्हणजे तिला माहीत होतं." मी म्हटलं, "हो." "आणि आपण दोघं एवढं नाटक..." "तीही करत होती. आपल्यापेक्षा बरं करत होती." मीनल रडली, मग अकरा खुनांचं ते बोलणं मी तिला सांगितलं तेव्हा रडता रडता हसायला लागली. मलाही हसू आवरेना. ताप नसलेली सात पुस्तकं हातात दिली की आयुष्यभर रहस्यकथा वाचणाऱ्या बाईला काय कळायला हवं ते कळतंच, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मला खूप, खूप हलकं वाटलं. ते सगळे गुरुवार खरे होते. ती सगळं ठाऊक असून हसत होती, आणि आवरायचं ते तिनं आवरलंही असणार, आम्हाला न विचारता, नेहमीसारखं.

पुस्तक मी दामल्यांना परत केलं. ते म्हणाले, "हवं तर ठेवा तुमच्याकडे." मी नको म्हटलं. एकतीसवालीचं मत वाचकांना मिळायला हवं, आणि मला आता दुसरी दोन न्यायची होती. तिचं खातं माझ्या नावावर करून घेतलंय. निळं पुस्तक खिडकीजवळच्या फळीवर आहे, वरून दुसरी रांग. कुणीतरी ते नेईल, तिच्यासारखं शेवटचं पान आधी उघडेल आणि हा दीर कोण म्हणून बुचकळ्यात पडेल. पडू दे.